स्टुअर्ट कसा हाय?

परवाचीच गोष्ट. सुट्टीवर आलोय, त्यामुळे या वेळचं पान लंडनहून नाही, घरून लिहितोय. बारामतीला मावशीकडे दोन दिवस मटणाच्या रश्श्यावर ताव मारला आणि भिगवणची एसटी पकडायला स्टँडवर आलो. (२०२४ मध्ये सुरू झालेलं नवं स्टँड बघितलंय का? मी चुकून पासपोर्ट चाचपला!)

शेजारी एक आजोबा येऊन बसले. पांढरी टोपी, मांडीवर पेरूंची पिशवी. गाडी हलायच्या आत पहिला प्रश्न आला.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?"

मी गाव सांगितलं.

"कुणाचा तू?"

मी अण्णांचं नाव सांगितलं. आजोबांनी डोळे बारीक केले. "म्हंजी जुन्या गावठाणात चिंचंपाशी घर हुतं, ते तुमचंच का?"

आता गंमत बघा. ज्या घराचा पत्ता आजोबा सांगत होते, ते घर माझ्या जन्माआधी उजनीच्या पाण्यात गेलंय. मी ते कधी बघितलेलंसुद्धा नाही. पण भिगवणच्या गाडीत माझी ओळख अजून त्याच चिंचेवरून पटते! पुढच्या अर्ध्या तासात आजोबांना माझं शिक्षण, पगार (अंदाजे) आणि लग्न न होण्याची कारणं (त्यांच्या मते तीन) समजली. मला त्यांच्या गुडघ्याच्या एक्स-रेची सविस्तर माहिती मिळाली, शिवाय दोन पेरू. उतरता उतरता त्यांनी विचारलं,

"तिकडं लंडनला कोन हाय का आपलं?"

"आहे की," मी म्हणालो.

आणि गाडी निघून गेल्यावर लक्षात आलं, की या प्रश्नाचं हे उत्तर मी आधीही बऱ्याचदा दिलंय. फक्त तेव्हा ते खोटं होतं.

फेब्रुवारी २०२३. मला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलेलं. काही मोठं नाही, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. आदल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. कशाची ॲलर्जी? नाही. बीपी? नाही. "घरी न्यायला कोण येणार आहे?" मी म्हटलं, टॅक्सी करीन. ती म्हणाली, "टॅक्सी चालणार नाही. ओळखीचं मोठं माणूस लागेल. आणि पहिले चोवीस तास कुणीतरी घरात सोबत हवं." भूल दिलेली असते, रात्री काही झालं तर फोन कोण करणार? नियम अगदी शहाणपणाचा आहे. तिने पेन सरसावलेलं मला फोनवरही जाणवलं. "नाव सांगा."

मी मोबाइलमधले नंबर वर-खाली करत बसलो. चारशेच्या वर नंबर! त्यातले लंडनमधले म्हणजे घरमालक, केस कापणारा, तीन रिक्रूटर आणि ऑफिसमधली काही माणसं, ज्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं एका एक्सेल शीटबद्दल झालं होतं.

"मला जरा पुढची तारीख मिळेल का?" मी विचारलं.

मिळाली. सप्टेंबरची.

फोन ठेवला आणि आठवलं ते बारामतीतलं अपेंडिक्स. विद्या प्रतिष्ठानला इंजिनीअरिंग करत होतो तेव्हाची गोष्ट. रात्री दोन वाजता पोटात दुखायला लागलं. रूमपार्टनरने बाइकवर मधे बसवलं, मागे अजून एक जण मला धरून. सकाळी डोळे उघडले तर कॉटभोवती अकरा माणसं! गावाकडून जीप भरून भावकी आलेली, चुलत्यांनी डबा आणलेला, आणि आत्या डॉक्टरांना विचारत होती की भाकरी कधी चालेल. मला तेव्हा त्या गर्दीचा सॉलिड वैताग आला होता. 'जरा प्रायव्हसी नाही' असं मी रूमपार्टनरला म्हणालोही होतो. घ्या आता प्रायव्हसी.

तसा मी माणूसघाणा वगैरे नाही हं. २०१८ मध्ये लंडनला आलो तेव्हा आमची सहा जणांची गँग होती, सगळे एकाच प्रोजेक्टवर. वीकएण्डला कुणाच्या तरी घरी चिकन, मॅच, धम्माल. मग मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. दोघं पुण्याला परतले ते तिकडेच राहिले, एक मँचेस्टरला, एक कॅनडाला गेला, एकाचं लग्न झालं (लग्न म्हणजे मित्राच्या दृष्टीने कॅनडाच). लॉकडाऊन उठलं, दुकानं उघडली, माझं दार काही उघडलं नाही. ऑफिस घरूनच चालू. भाजी ऑनलाइन. एकदा शुक्रवारी रात्री माझ्या लक्षात आलं, की सोमवारपासून मी मोठ्याने फक्त 'यू आर ऑन म्यूट' एवढंच वाक्य बोललोय.

याच काळात ब्रिटिशांचा एक किस्सा वाचनात आला. या लोकांनी २०१८ च्या जानेवारीतच एकटेपणासाठी चक्क मंत्री नेमला होता! गावात सांगितलं तर लोक हसतील. आमच्याकडे मंत्री लागला तर तो जरा एकटं सोडण्यासाठी लागेल.

अण्णांना ऑपरेशनचं सांगणं भाग होतं. पुढची तारीख मिळालीय एवढंच सांगितलं.

"तवा संगं कोन आसंल?"

"मित्र आहे ना."

"कोन मित्र?"

"आहे एक... स्टुअर्ट." तोंडात आलं ते नाव ठोकून दिलं.

अण्णांचं क्रिकेट पक्कं. "युवराजनं सहा शिक्स हाणल्या, त्यो?"

"नाही हो अण्णा, दुसरा."

तेव्हापासून दर रविवारी फोनवर चौकशी सुरू झाली. पाऊस कसाय, जेवलास का, आणि "स्टुअर्ट कसा हाय?" स्टुअर्ट बराय, मी सांगायचो. एकदा स्टुअर्टला सर्दीसुद्धा झाली. खोटं बोलण्यात अशी शिस्त लागते बघा.

आता तुम्ही म्हणाल, लंडनमध्ये मराठी माणसं काय कमी आहेत? अजिबात नाहीत. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं! डॉलिस हिल भागात त्यांची स्वतःची वास्तू आहे, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. २०२२ च्या गणपतीत मी गेलो होतो. आरती झाली, लोकांनी हसून स्वागत केलं, 'कुठले तुम्ही' हेही विचारलं. मीच दोन मोदक खाल्ले, चपलांच्या रॅकपाशी मोबाइल काढून फार बिझी असल्यासारखा उभा राहिलो आणि पळ काढला. वर्षातून एकदा जायचं, कोपऱ्यात उभं राहायचं आणि 'आपल्याशी कुणी बोलत नाही' म्हणायचं, हा मंडळाचा लोचा नव्हता, माझा होता.

मग ॲप्सवरचे ग्रुप झाले. बोर्डगेम्स, हायकिंग, 'न्यू इन लंडन' (चार वर्षांनी!). माणसं चांगली असायची, पण दर वेळी नवी. नाव काय, काम काय, लंडन आवडतं का... तीन प्रश्न संपले की दोघंही ग्लासात बघायचे. पुढच्या वेळी पुन्हा नवी माणसं आणि तेच तीन प्रश्न. इंटरव्ह्यू देऊन देऊन मी दमलो.

मी विचार केला, की मला हे जमत का नाही? आणि उत्तर सापडलं ते भारी होतं. बॉस, मी आयुष्यात कधी मित्र 'केलेच' नव्हते! गावात मित्र शेजारासोबत फुकट येतात. शाळेत बाकावरचा, हॉस्टेलमध्ये रूममधला, पहिल्या नोकरीत बॅचमधला. वाढलेलं ताट पुढ्यात यायचं, चूल पेटवायची वेळच आली नाही. आमच्या इंदापूर-बारामतीची अर्धी पोरं आज वाकडला, खराडीला, बंगळुरूला याच लोच्यात आहेत, असं मला वाटतं. फक्त ते शनिवारी गावी पळू शकतात, म्हणून कळत नाही.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी अण्णांशी बोलताना विषय आजीवर गेला. कारण साधंच, उन्हाळ्यात पाणी ओसरत चाललेलं. उजनीचं पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं, लोक बघायला जातात. आमचं गावही तसंच बुडालेलं, सत्तरच्या दशकात पाणी चढलं तेव्हा उठून वरती आलेलं. लहानपणापासून मी ही गोष्ट जमीन किती गेली आणि मोबदला किती मिळाला, अशीच ऐकली होती. त्या दिवशी अण्णांनी दुसरीच सांगितली.

नव्या गावठाणात प्लॉट नंबराने मिळाले. जुन्या गावात आजीच्या दारासमोर जिचं दार, ती मैत्रीण आता गावाच्या दुसऱ्या टोकाला. आजूबाजूला सगळे दुसऱ्या आळीचे. झाडं नाहीत, पार नाही, देऊळ अजून बांधायचंय. बायका पाण्यापुरत्या घराबाहेर यायच्या आणि आत जायच्या. आजीने काय केलं, तर दुपारची जेवणं झाली की पानाची चंची आणि निवडायचं धान्य घेऊन रस्त्याच्या मधल्या वळणावर एका लिंबाच्या रोपाशेजारी जाऊन बसायची. रोप हो, सावली पडेल असंही नाही! डोक्यावर पदर घेऊन रोज तिथेच.

"कुनी यायचं का?" मी विचारलं.

"लय दिस कुनीच न्हाई. मी तवा बारक्या. मला लाज वाटायची. म्या म्हनलं, आई, घरात निवड की. तर म्हनली, रोज बसलं की मानसं येत्यात."

आली. आधी एक जण सूप मागायला आली, मग एक जण नुसतीच. ते लिंबाचं झाड आज एवढं मोठं आहे, की त्याखाली दुपारी बसायला जागा मिळत नाही. मी लहानपणी तिथेच गोट्या खेळलोय. तो कट्टा कुणी एका बाईने धान्य निवडत सुरू केला, हे मला ३४ व्या वर्षी लंडनमध्ये कळलं.

माझ्या घराजवळ ग्लॅडस्टन पार्क आहे. तिथे दर शनिवारी सकाळी नऊला 'पार्करन' होते. पाच किलोमीटर, फुकट, कुणीही यावं. हा प्रकार २००४ मध्ये लंडनच्याच बुशी पार्कात सुरू झाला, तेव्हा पहिल्या दिवशी धावायला फक्त तेरा जण होते. आज तो कितीतरी देशांत चालतो. पण मला हर्निया, मी काय धावणार? तर तिथे पिवळं जॅकेट घालून वळणावर उभं राहणारे स्वयंसेवक लागतात. धावणाऱ्यांना रस्ता दाखवायचा आणि टाळ्या वाजवायच्या. त्या कामाला ते 'मार्शल' म्हणतात. दर शनिवारी, तीच जागा, तीच वेळ. मला सूप आणि धान्यच मिळालं की!

पहिल्या शनिवारी धो धो पाऊस. टेकडीखालच्या वळणावर माझ्यासोबत एक साठी उलटलेला, टकलावर लोकरी टोपी घातलेला कृष्णवर्णीय गृहस्थ होता. आयुष्यभर लंडनची बस चालवून रिटायर झालेला. दीड तासात आम्ही एकूण पाच वाक्यं बोललो, त्यातली तीन पावसाबद्दल. पण एक गोष्ट झाली. हातात काम होतं, त्यामुळे मोबाइल काढावा लागला नाही.

मला एकदम तुकोबांची पालखी आठवली. बेलवाडीचं रिंगण झालं की पालखी निमगाव केतकीवरून इंदापुरात येते. आम्ही पोरं रस्त्याच्या कडेला पाण्याचे पिंप आणि तांबे घेऊन उभे. लाखभर अनोळखी माणसं, पण बुजल्यासारखं कधी वाटलं नाही. कारण आपण तिथे तांब्यावाले! लग्नातसुद्धा बघा, ज्याला कुणाशी काय बोलावं कळत नाही, तो मठ्ठ्याची बादली उचलतो आणि पंगत संपेपर्यंत सगळ्यांचा भाऊ होतो. हे सगळं मला येत होतं. लंडनला येताना मी ते का विसरून आलो कोण जाणे.

दुसऱ्या शनिवारी गेलो, तिसऱ्या गेलो. चौथ्या शनिवारी कंटाळा आला म्हणून झोपून राहिलो. पाचव्या शनिवारी त्या गृहस्थाने विचारलं, "गेल्या आठवड्यात कुठे होतास?"

तीन वर्षांत मला लंडनमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पुढे काम संपल्यावर चहा सुरू झाला. त्याचे वडील बार्बाडोसहून आलेले. १९५६ पासून लंडन ट्रान्सपोर्ट तिथे जाऊन थेट भरती करायचं, त्या काळातले कंडक्टर. आईने पहिल्या हिवाळ्यात परत जायचं म्हणून बॅग भरून ठेवली होती, ती बरीच वर्षं तशीच भरलेली होती म्हणे. मी त्याला चिंचेचं घर सांगितलं. पाण्याखाली गाव आहे म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प बसला.

तेवढ्यात माझ्यातल्या इंजिनीअरने घोळ घातला. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी २०१८ मध्ये हिशोब मांडलाय: ओळखीचं माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. ऑफिसात शेजारी बसल्याचे तास त्यात फारसे कामाला येत नाहीत. (आता कळलं एक्सेल शीटवाले का उपयोगी पडले नाहीत?) मी हिशोब केला. शनिवारचे अडीच तास, आतापर्यंत २४ शनिवार. म्हणजे ६० तास. आणि ऑपरेशन दहा दिवसांवर.

साठ तासांच्या मैत्रीत माणसाला काय मागता येतं? लिफ्ट मागता येईल. कुंड्यांना पाणी घाल म्हणता येईल. पण 'माझ्या घरी रात्रभर बस, मी मेलो तर फोन कर' हे किती तासांना मिळतं? मी आरशासमोर इंग्लिशमधून तीन-चार प्रकारे वाक्य म्हणून बघितलं. प्रत्येकाची सुरुवात 'सॉरी'ने होत होती. गावी हे वाक्य अस्तित्वातच नाही, कारण तिथे मागायच्या आधीच जीप भरलेली असते. न मागता मिळण्याची सवय फार वाईट. मागायची वेळ आली की जीभच उचलत नाही.

शनिवारी शेवटचा धावणारा वळून गेला. आम्ही जॅकेटं काढत होतो. मी सगळं एका दमात बोलून टाकलं. ऑपरेशन, नर्स, चोवीस तास, टॅक्सी चालत नाही, सॉरी.

त्याने टोपी सारखी केली. "किती वाजता?"

एवढंच. मी अजून दोनदा सॉरी म्हणालो, तर म्हणाला, वेळ सांग, मला बस बघावी लागेल.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी वॉर्डच्या दारात तो पेपरची घडी काखेत घेऊन उभा होता. नर्सने फॉर्मवर त्याचं नाव लिहिलं, 'रुग्णाशी नातं' या रकान्यात काय लिहू म्हणून आमच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मार्शल." तिला काही कळलं नाही, पण तिने लिहिलं.

(नंतर २०२४ च्या गणपतीत मी मंडळात गेलो तो थेट प्रसादाच्या टेबलामागे. डाव हातात घेतला आणि सुटलो. त्या दिवशीच्या ओळखी अजून टिकून आहेत, त्यातली एक तर भवानीनगरची निघाली. पण ते पुढच्या कधीतरी.)

रात्री आठला, म्हणजे गावी साडेबारा वाजून गेले तरी, अण्णा जागे होते. व्हिडिओ कॉल लावला. मी सोफ्यावर आडवा, आणि मागे ओट्यापाशी तो, मी आदल्या दिवशी करून ठेवलेली खिचडी गरम करत उभा. अण्णांनी चष्मा वर केला.

"ह्यो स्टुअर्ट का?"

भूल पूर्ण उतरली नव्हती, त्यामुळे खोटं सुचलं नाही. "अण्णा, स्टुअर्ट कुणी नव्हताच."

"त्ये मला तवाच ठावं हुतं," अण्णा म्हणाले. "ह्यांचं गाव कोन्तं, त्ये इचार."

मी विचारलं. सांगितलं. "बार्बाडोस, अण्णा."

तिकडे खाट करकरली. अण्णा उठून बसले होते. "म्हंजी माल्कम मार्शलचं गाव!"

वाक्य मराठी होतं, पण ते नाव ओट्यापर्यंत पोचलं. त्याने डाव खाली ठेवला, टॉवेलला हात पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला. १९८३, कानपूर, मार्शलचा उसळलेला बॉल, गावसकरच्या हातातून उडालेली बॅट... अण्णा हातवारे करून दाखवत होते, तो मान हलवत होता आणि मी मधे पडल्या पडल्या भाषांतर करत होतो. पुढचा पाऊण तास कुणी माझी तब्येत विचारली नाही. खिचडी खालून लागली.